नागपूरच्या मातीतलं लोह-ऑक्साइड रासायनिक पद्धतीने मोजताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृदाशास्त्र किंवा भूरसायन शिकणारी मुलं, माती परीक्षण प्रयोगशाळेतले सहकारी आणि कधीकधी एखादा चिकित्सक संत्रा बागायतदारही हे प्रश्न विचारतो. पुस्तकांतल्या बहुतेक पद्धती थंड, ओल्या प्रदेशांतल्या आम्लधर्मी मातीवर घडल्या आहेत. आपल्याकडच्या काळ्या, चुनखडीच्या मातीवर त्या जशाच्या तशा लावल्या तर आकडा येतो, पण तो भलत्याच गोष्टीचा असू शकतो. म्हणून इथली उत्तरं मुद्दाम नागपूर आणि आसपासची माती डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत.

एकूण लोह मोजलं की झालं. ऑक्साइड वेगळं काढायची गरज काय?

बेसाल्टपासून बनलेल्या मातीत लोह भरपूर असतं. पण त्यातलं पुष्कळसं स्मेक्टाइट चिकणखनिजाच्या जाळीत आणि न झिजलेल्या मूळ खनिजांत अडकलेलं असतं. हायड्रोफ्लोरिक ॲसिडने सगळी माती विरघळवून एकूण लोह काढलं तर हे सगळं एकाच आकड्यात मिसळतं. मातीच्या वागण्यावर परिणाम करणारा भाग वेगळाच असतो. चिकणमातीच्या कणांवर पुटासारखं बसलेलं, अतिशय बारीक कणांचं ऑक्साइड स्फुरद धरून ठेवतं, आर्सेनिकसारखी द्रव्यं अडवतं, ढेकळांना बांधून ठेवतं आणि रंगही देतं. कण जितके बारीक आणि विस्कळीत (म्हणजे नीट स्फटिक न झालेले), तितका पृष्ठभाग मोठा, म्हणून थोडंसं ऑक्साइडही बरंच काही करून जातं.

क्ष-किरण विवर्तनाने हे दिसत नाही का, असंही विचारतात. इथल्या मातीत ऑक्साइडचं प्रमाण थोडं असतं, कण सूक्ष्म असतात आणि आलेखात स्मेक्टाइटच्या शिखरांपुढे त्यांची शिखरं बुडून जातात. फेरीहायड्राइट या विस्कळीत लोह-ऑक्साइडला तर धड टोकदार शिखरंच नसतात. म्हणून एक गोष्ट विरघळवेल आणि दुसरीला हात लावणार नाही असा विद्राव निवडून त्यात उतरलेलं लोह मोजायचं, हा मार्ग आजही टिकून आहे.

कोणता विद्राव नेमकं काय काढतो?

तीन मुख्य विद्राव आहेत. डायथायोनाइट-सायट्रेट-बायकार्बोनेट हा सगळ्यांत ताकदवान. हेमेटाइट, गोएथाइट, लेपिडोक्रोसाइट, फेरीहायड्राइट असं जवळपास सगळं मुक्त, म्हणजे सिलिकेट खनिजांच्या जाळीबाहेरचं, ऑक्साइड तो काढतो. मेहरा आणि जॅक्सन यांनी १९६० मध्ये मांडलेली कृती आजही प्रमाण मानतात. आम्लधर्मी अमोनियम ऑक्झलेट, तोही अंधारात, मुख्यतः विस्कळीत रचनेचं म्हणजे फेरीहायड्राइटसारखं लोह काढतो. त्याचं मूळ स्वीडनच्या टॅम यांच्या १९२२ च्या कामात आहे, आणि अंधाराची अट घालून त्याला आजचं रूप दिलं जर्मनीच्या श्वेर्टमान यांनी १९६४ मध्ये. तिसरा सोडियम पायरोफॉस्फेट, सामू (पीएच) १०. तो सेंद्रिय पदार्थाशी बांधलेलं लोह सोडवतो, असं मानतात.

'मानतात' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. यातला कुठलाही विद्राव खनिज ओळखून काम करत नाही. तो फक्त ठरावीक सामू, तापमान, वेळ आणि प्रमाण यांत जे विरघळेल ते विरघळवतो. म्हणून अहवालात 'फेरीहायड्राइट इतकं' असं न लिहिता 'ऑक्झलेटने निघालेलं लोह इतकं' असं लिहावं. खाली मी सोयीसाठी ऑक्झलेट-लोह, डायथायोनाइट-लोह असे शब्द वापरले आहेत.

माझ्याकडे डीटीपीए लोहाचा अहवाल आहे. तेच ना हे?

नाही. ही गल्लत संत्रा पट्ट्यात फार दिसते. डीटीपीए हे धातू पकडून ठेवणारं रसायन; त्याची कृती लिंडसे आणि नॉर्वेल यांची, १९७८ ची. १० ग्रॅम माती, २० मिलि विद्राव, सामू ७.३, दोन तास हलवणं. ती पिकाला मिळू शकणाऱ्या लोहाचा अंदाज देते आणि किलोमागे ४.५ मिलिग्रॅमच्या खाली आकडा गेला की कमतरता समजतात. ऑक्साइडचं लोह मोजायचं एकक किलोमागे ग्रॅम. म्हणजे दोन्हींत शेकडो-हजारो पटींचं अंतर.

संत्र्याची कोवळी पानं पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या राहिल्या, तर त्या बागेतल्या मातीत लोह-ऑक्साइड नसतं असं मुळीच नाही. चुनखडीमुळे सामू ८ च्या आसपास असतो, मातीच्या पाण्यात बायकार्बोनेट असतं, आणि त्या परिस्थितीत ऑक्साइडमधलं लोह पाण्यात उतरतच नाही. खताचा सल्ला हवा असेल तर डीटीपीए करा. या पानावरच्या पद्धती तुमच्यासाठी नाहीत.

नागपूरच्या मातीसाठी वेगळी काळजी कशाला?

कारण आपण दोन वेगळ्या भूगर्भांच्या सीमेवर बसलो आहोत. शहराच्या पश्चिमेला दख्खनचा बेसाल्ट, सीताबर्डीची टेकडीही त्याचीच. पूर्वेकडे आणि उत्तरेकडे जावं तसा नीस हा रूपांतरित खडक येतो, कामठी-उमरेडकडे गोंडवनाचे वालुकाश्म येतात, आणि रामटेक-मनसर भागात मँगनीजचे खडक. काळी, मोरंड, खरडी, बरडी ही शेतकऱ्यांची विभागणी एका तालुक्यात सगळी सापडू शकते. तासाभराच्या अंतरावरून आणलेले दोन नमुने रासायनिकदृष्ट्या एकमेकांचे कोणी लागत नाहीत, आणि दोघांना एकच कृती लावून तुलना केली जाते.

त्यात दोन अडचणी खास आपल्या आहेत, चुनखडी आणि मॅग्नेटाइट (खडकातलं चुंबकी लोह-ऑक्साइड). दोन्ही ऑक्झलेटच्या आकड्याला धक्का देतात, आणि गंमत म्हणजे एक आकडा खाली ओढते तर दुसरी वर. दोन्ही एकाच नमुन्यात असल्या तर आलेला आकडा अगदी रास्त दिसू शकतो, म्हणून जास्त जपावं लागतं.

चुनखडी असेल तर नेमकं काय बिघडतं?

ऑक्झलेटचा विद्राव ०.२ मोलर असतो आणि त्याचा सामू ३. विरघळवण्याचं काम या सामूवर अवलंबून आहे. आता हिशेब करून पाहा. पाव ग्रॅम मातीत १० टक्के कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे २५ मिलिग्रॅम, म्हणजे ०.२५ मिलिमोल. ते ०.५ मिलिमोल आम्ल खातं. १० मिलि विद्रावात वापरता येण्याजोगं आम्ल साधारण १.७ मिलिमोल. म्हणजे जवळपास तीस टक्के आम्ल लोहापर्यंत पोचण्याआधीच संपलं. वर निघालेला कॅल्शियम ऑक्झलेटशी जुळून पांढऱ्या साक्याच्या रूपात खाली बसतो आणि एकूण ऑक्झलेटचा आठवा हिस्सा घेऊन जातो. सामू अंदाजे ०.४ ने चढतो. ढेकळात बारीक चुनखडे असलेल्या मातीत कार्बोनेट १० टक्क्यांहून जास्तही असतं, तेव्हा परिणाम आणखी वाईट.

उपाय दोन. पहिला आणि खात्रीचा म्हणजे कार्बोनेट आधी काढून टाकणं. १ मोलर अमोनियम ॲसिटेटचा सामू ॲसेटिक ॲसिडने ५.५ वर आणायचा, त्यात माती हलवत ठेवायची आणि बुडबुडे थांबून सामू परत ५.५ वर स्थिरावेपर्यंत द्रावण बदलत राहायचं. घाई करू नका. मोठ्या चुनखड्यांना दिवस लागू शकतो. धुवण तसंच ओतून देऊ नका, त्यात लोह किती उतरलं ते एकदा मोजा, म्हणजे आपण कामाचं लोहच धुऊन टाकलं नाही याची खातरी होते. शेवटचा हिशेब मात्र धुण्याआधीच्या मातीच्या वजनावर करायचा.

दुसरा उपाय, चुनखडी थोडी असेल तेव्हाचा. माती कमी आणि विद्राव जास्त घ्या, १:४० ऐवजी १:१००. आणि काहीही केलं तरी हलवून झाल्यावर विद्रावाचा सामू मोजून वहीत लिहा. या एका मोजणीला मिनिटभर लागतो आणि अर्ध्या शंका तिथेच मिटतात. सामू ३.३ च्या वर गेलेला नमुना मी स्वतः ग्राह्य धरत नाही.

कार्बोनेट आहे की नाही हे कसं कळेल? मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचे चार थेंब टाका. फसफसलं तर आहे.

आणि मॅग्नेटाइट?

वाळवून बारीक केलेली काळी किंवा बरडी माती काचेच्या बशीत पातळ पसरा, चुंबकाला कागद गुंडाळा आणि मातीवरून हळूच फिरवा. कागदावर काळ्या कणांची लव उभी राहते. बेसाल्टमधून आलेलं हे मॅग्नेटाइट आणि टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट. ते मातीत तयार झालेलं नाही, खडकातून वारशाने आलं आहे.

ऑक्झलेट हे मॅग्नेटाइट बऱ्यापैकी विरघळवतं. डायथायोनाइट मात्र त्याच्या जाड कणांना फारसं शिवत नाही. त्यातून उलटा प्रकार घडतो. ऑक्झलेट-लोह हा डायथायोनाइट-लोहाचा एक भाग असायला हवा, पण काही बेसाल्टी नमुन्यांत तोच मोठा येतो. असा आकडा दिसला की पहिला संशय मॅग्नेटाइटवर घ्या. शिवाय मॅग्नेटाइटमधून सुटलेलं फेरस (दोन धन भारांचं) लोह ऑक्झलेटच्या सोबतीने गोएथाइट आणि हेमेटाइटचंही विरघळणं वाढवतं. म्हणजे जास्तीचं लोह फक्त मॅग्नेटाइटचं असतं असंही नाही.

चुंबकाने कण काढून परत मोजता येतं, पण त्यात एक मेख आहे. मातीत तयार झालेलं मॅग्हेमाइट हे चुंबकी लोह-ऑक्साइडही चुंबकाला चिकटतं आणि त्यासोबत निघून जातं. म्हणून काढण्याआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकडे द्या. अधिक चांगला मार्ग म्हणजे विद्रावच बदलणं. चाओ आणि झोऊ यांच्या १९८३ च्या कृतीत ०.२५ मोलर हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड आणि ०.२५ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड, ५० अंशांवर अर्धा तास, असं काम चालतं. त्यात विस्कळीत लोह विरघळतं आणि मॅग्नेटाइट फारच थोडं. कार्बोनेटची अडचण मात्र इथेही आहे, कारण हाही आम्लाचाच विद्राव. बेसाल्टी मातीवर काम करणाऱ्याने निदान काही नमुन्यांवर ऑक्झलेट आणि हायड्रॉक्सिलअमाइन दोन्ही करून पाहावं, असं माझं ठाम मत आहे.

अंधारात करायचं म्हणजे किती अंधारात?

पूर्ण. ऑक्झलेटमध्ये उतरलेलं फेरिक (तीन धन भारांचं) लोह प्रकाश शोषतं आणि फेरस होतं. ऑक्झलेटचं कार्बन डायऑक्साइड होतं. ते फेरस लोह मग स्फटिकी ऑक्साइडवर तुटून पडतं. म्हणजे उजेडात ठेवलेली ट्यूब विस्कळीत आणि स्फटिकी यांतला फरकच पुसून टाकते, आणि तो फरक मोजण्यासाठीच तर ही कृती आहे.

ट्यूबांना ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा किंवा शेकरवर जाड काळं कापड टाका. खिडकीतून तिरका ऊन येणारं टेबल टाळा. फॉइल फाटलेली एक ट्यूब बाकीच्या तेवीस ट्यूबांच्या शेजारी चुकीचा आकडा देते आणि तो नमुना 'वेगळा' वाटू लागतो. गाळून झालेला विद्रावही अंधारात, थंड जागी ठेवा आणि लवकर मोजा.

वेळेबद्दल: श्वेर्टमान दोन तास हलवतात, मॅककीग आणि डे यांची १९६६ ची कृती चार तासांची. कुठलीही घ्या, पण अर्धे नमुने दोन तास आणि अर्धे चार तास असं करू नका.

उन्हाळ्यात आमच्या प्रयोगशाळेत ४० अंश असतात. चालेल का?

ऑक्झलेट खोलीच्या तापमानाला करतात, पण ज्यांनी ही कृती लिहिली त्यांच्या खोलीचं तापमान २०-२५ अंश होतं. मे महिन्यात कूलर लावूनही आपल्याकडे ते मिळत नाही. तापमान वाढलं की विरघळण्याचा वेग वाढतो. वातानुकूलित खोलीत शेकर हलवता आला तर उत्तम. नाहीतर प्रत्येक खेपेत एक ठरलेली संदर्भ माती घाला. एकदा दोन-तीन किलो माती नीट मिसळून बाटलीत भरून ठेवली की वर्षानुवर्षं पुरते. मे आणि डिसेंबरच्या खेपांत तिचा आकडा सरकला तर दोष तुमच्या नमुन्यांचा नाही हे लगेच दिसतं.

डायथायोनाइटची कृती पावलापावलाने सांगाल का?

सेंट्रिफ्यूज ट्यूबमध्ये १ ग्रॅम माती, लोह कमी असेल तर ४ ग्रॅमपर्यंत. ०.३ मोलर सोडियम सायट्रेट ४० मिलि आणि १ मोलर सोडियम बायकार्बोनेट ५ मिलि घाला. वॉटर बाथमध्ये ८० अंशांपर्यंत तापवा. मग १ ग्रॅम सोडियम डायथायोनाइट पूड घालून मिनिटभर सतत ढवळा आणि पुढे पंधरा मिनिटं पूर्ण होईतो अधूनमधून. इथे डोळे उघडे ठेवा, कारण लालसर मातीचा रंग तुमच्यासमोर उतरत जातो आणि तळाला राखाडी गाळ दिसू लागतो. रंग राहिला तर दुसऱ्यांदा डायथायोनाइट घाला. शेवटी संपृक्त मिठाचं १० मिलि द्रावण घालून सेंट्रिफ्यूज करा, वरचं द्रावण मोजमापाच्या फ्लास्कमध्ये काढा, गाळ सायट्रेटने धुऊन तेही त्यातच मिळवा.

प्रत्येकाचं काम वेगळं आहे. डायथायोनाइट फेरिकचं फेरस करतं. सायट्रेट सुटलेलं लोह धरून ठेवतं, नाहीतर ते परत खाली बसेल. बायकार्बोनेट सामू ७.३ च्या आसपास सांभाळतं, कारण डायथायोनाइट काम करताना आम्ल सोडतं. आणि ८० अंशांच्या वर जाऊ नका. तापमान चढलं की डायथायोनाइट फुटतं आणि काळं लोह सल्फाइड साचू लागतं. गाळ काळा पडताना दिसला तर तो नमुना परत करा. इथे सामू उदासीनच्या वर असल्यामुळे चुनखडीचा त्रास फारसा होत नाही, ही आपल्यासाठी सोयीची बाब.

एक सावधगिरी स्मेक्टाइटची. त्याच्या जाळीतलं थोडं फेरिक लोहही डायथायोनाइटने फेरस होतं आणि काही अंशी बाहेर पडतं. म्हणून काळ्या मातीवर 'पांढरं होईपर्यंत' पाच-सहा खेपा करत बसू नका. दोन खेपा ठरवा आणि सगळ्यांना तेवढ्याच द्या.

वॉटर बाथ नाही. दुसरा काही मार्ग?

आहे. होल्मग्रेन यांची १९६७ ची कृती. १७ टक्के सोडियम सायट्रेट आणि १.७ टक्के डायथायोनाइट, खोलीच्या तापमानाला रात्रभर हलवायचं. एकदम पुष्कळ नमुने होतात आणि माणसाला वाफेत उभं राहावं लागत नाही. जाड कणांचं हेमेटाइट किंवा गोएथाइट थोडं मागे राहू शकतं. नेहमीच्या सर्वेक्षणाला ही पुरते.

सोडियम डायथायोनाइटचा डबा उघडला की उग्र वास येतो. खराब झालं का?

तो सल्फर डायऑक्साइडचा वास. थोडा असतोच, पण पूड गुठळ्या-गुठळ्यांची झाली असेल आणि वास नाकात झोंबत असेल तर तिची ताकद गेली आहे. पावसाळ्याच्या दमट हवेत उघडा राहिलेला डबा असाच वाया जातो. ओला चमचा डब्यात कधीही घालू नका. ओल लागली की ही पूड आपोआप तापते आणि पेटूही शकते. छोटे डबे मागवा, डेसिकेटरमध्ये ठेवा, काम फ्यूम हूडमध्ये करा. उरलेल्या विद्रावात ॲसिड ओतू नका, विषारी वायू सुटतो. आणि ऑक्झलेट विषारी आहे, तोंडाने पिपेट भरायची सवय अजून कुठे उरली असेल तर आजच सोडा.

माती किती बारीक करायची, आणि वाळवायची कशी?

सावलीत, हवेवर. ओव्हनमध्ये नको, कारण उष्णतेने फेरीहायड्राइटचं रूप बदलू लागतं. २ मिमी चाळणीतून काढलेल्या मातीतला छोटा भाग अगेटच्या खलात आणखी बारीक करून ०.१५ मिमी चाळणीतून काढा. पाव ग्रॅम मातीने शेताचं प्रतिनिधित्व करायचं असेल तर इतकी बारीक लागतेच. लोखंडी खलबत्ता किंवा पोलादी ग्राइंडर वापरू नका. लोह मोजायला निघालेल्या माणसाने नमुन्यात लोह घालू नये.

भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांधीतली माती वेगळी. पाणी साचलेलं असताना तिच्यात फेरस लोह असतं. वाळवताना त्याला हवा लागते आणि त्यातून ताजं विस्कळीत ऑक्साइड तयार होतं. मग ऑक्झलेट-लोह फुगून येतं आणि ते शेतात नव्हतंच. अशा नमुन्याचं निष्कर्षण ओल्या मातीवर करा आणि ओलावा वेगळा मोजून हिशेबात घ्या.

पायरोफॉस्फेट करावं का?

आपल्याकडच्या लागवडीच्या जमिनीत सेंद्रिय कर्ब कमी असतो, त्यामुळे त्याला बांधलेलं लोहही थोडंच. शिवाय पायरोफॉस्फेट चिकणमातीचे आणि ऑक्साइडचे अतिबारीक कण सुटे करतं. ते साध्या सेंट्रिफ्यूजने खाली बसत नाहीत आणि गाळणीतून आरपार जातात. मग मोजलेलं लोह सेंद्रिय नसून तरंगणारं असतं. जास्त वेगाचं सेंट्रिफ्यूज किंवा अतिसूक्ष्म गाळणी नसेल तर सोडून द्या, काही बिघडत नाही. जंगलातल्या वरच्या थरावर काम असेल तर गोष्ट वेगळी.

मनसरकडच्या नमुन्यांत मँगनीज खूप आहे. त्याचं काय?

डायथायोनाइट आणि हायड्रॉक्सिलअमाइन दोघंही मँगनीज ऑक्साइड विरघळवतात. मनसर, कांद्री, गुमगाव या खाणींच्या परिसरात ते दुर्लक्ष करण्याइतकं थोडं नसतं. आणि जितकं रसायन मँगनीजवर खर्च होतं तितकं लोहासाठी कमी पडतं. तिथे माती कमी घ्या, दुसरी खेप हमखास द्या, आणि त्याच विद्रावात मँगनीजही मोजून आकडा सोबत द्या. फक्त मँगनीज आधी काढायचं असेल तर ०.१ मोलर हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड आणि ०.०१ मोलर नायट्रिक ॲसिड, अर्धा तास, ही चाओ यांची १९७२ ची कृती आहे. तिच्यात लोह फारसं उतरत नाही.

मोजायला एएएस (अणु-शोषण वर्णपटमापक) हवंच का?

नाही. १,१०-फिनॅन्थ्रोलीनचा केशरी-लाल रंग ५१० नॅनोमीटरवर साध्या कलरीमीटरनेही वाचता येतो. लोह आधी पूर्ण फेरस करून घ्यावं लागतं. एएएसवर २४८.३ नॅनोमीटरची रेषा वापरतात. कुठल्याही यंत्रावर एक नियम पाळा, तो म्हणजे स्टँडर्ड (लोहाचं प्रमाण माहीत असलेलं द्रावण) त्याच विद्रावात बनवा. साध्या पाण्यातलं स्टँडर्ड आणि सायट्रेटने दाट झालेला नमुना यांची तुलना होत नाही. सायट्रेट आणि मीठ एएएसच्या बर्नरच्या फटीत जमतं, म्हणून भरपूर पातळ करा आणि मध्येमध्ये पाणी जाऊ द्या. दर खेपेत निदान दोन ब्लँक (माती न घालता केलेली तीच कृती) हवेत. डायथायोनाइट आणि सायट्रेटच्या पुडीतही थोडं लोह असतं.

हिशेब करून दाखवाल का?

काल्पनिक आकडे घेऊ. ०.२५ ग्रॅम माती, १० मिलि ऑक्झलेट, विद्राव दहापट पातळ केला आणि ब्लँक वजा करून वाचन आलं लिटरमागे ४.२ मिलिग्रॅम. मूळ विद्रावात ४२. दहा मिलिमध्ये ०.४२ मिलिग्रॅम. भागिले ०.२५, म्हणजे ग्रॅममागे १.६८ मिलिग्रॅम, अर्थात किलोमागे १.६८ ग्रॅम. आता ओलावा. काळी माती हवेवर वाळली तरी पाणी धरून असते. ओव्हनमधल्या कोरड्या मातीवर ७ टक्के ओलावा धरला तर १.०७ ने गुणा, १.८० येतं. वाळूच्या मातीत ही दुरुस्ती विसरली तरी खपते, काळ्या मातीत नाही.

लोहाचं फेरिक ऑक्साइडमध्ये रूपांतर करायला १.४३ ने गुणतात. ऑक्झलेट-लोहाला १.७ ने गुणून फेरीहायड्राइटचा अंदाजही काढतात. मॅग्नेटाइट असलेल्या नमुन्यावर तो गुणाकार करू नका.

ऑक्झलेट आणि डायथायोनाइटचं गुणोत्तर काय सांगतं?

मुक्त ऑक्साइडपैकी किती अजून विस्कळीत आहे ते. जुन्या, खूप झिजलेल्या, निचऱ्याच्या लाल मातीत हे गुणोत्तर छोटं येतं, कारण फेरीहायड्राइट हळूहळू हेमेटाइट किंवा गोएथाइट होऊन जातं. पाणी साचणाऱ्या किंवा ताज्या मातीत मोठं येतं. दोघांची वजाबाकी म्हणजे साधारणपणे स्फटिकी ऑक्साइडचं लोह. एकूण लोहातून डायथायोनाइट-लोह वजा केलं की सिलिकेटमधलं (आणि मॅग्नेटाइट असेल तर त्याचंही) लोह उरतं, आणि काळ्या मातीत हाच आकडा डोळ्यांत भरतो. गुणोत्तर १ च्या वर गेलं तर अर्थ लावत बसू नका, चुंबक काढा.

काळ्या मातीचा काळा रंग लोहामुळे आहे का?

पूर्वी टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटला त्याचं श्रेय दिलं जाई. आज तो रंग मुख्यतः स्मेक्टाइट आणि सेंद्रिय पदार्थ यांच्या घट्ट जोडीमुळे मानतात. डायथायोनाइट दिल्यावर लाल माती फिकी पडते, काळी मात्र काळसरच राहते. शंका असेल तर दोन ट्यूबा शेजारी ठेवून पाहा.

अहवालात काय काय लिहावं?

विद्रावाचं नाव, मोलर प्रमाण आणि सामू. माती आणि विद्राव यांचं प्रमाण. वेळ, तापमान, अंधार. किती खेपा दिल्या. कार्बोनेट काढलं का, कशाने काढलं. चुंबकी कण काढले का. माती ओली की वाळलेली, कोणत्या चाळणीतली. आकडा लोहाचा की ऑक्साइडचा, हवेवर वाळलेल्या मातीवर की ओव्हनच्या. शेवटचा सामू आणि संदर्भ मातीचा त्या खेपेतला आकडा तक्त्यातच द्या, परिशिष्टात नको.

अमरावती रोडवरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्युरोमुळे नागपुरात देशभरातल्या मातीचं वर्गीकरण होतं, आणि त्या वर्गीकरणात ज्वालामुखी राखेच्या मातीसाठी ऑक्झलेटचे ॲल्युमिनियम आणि लोह यांचे आकडे लागतात. ॲल्युमिनियम अधिक निम्मं लोह, मिळून २ टक्के किंवा जास्त, असा तो निकष आहे. लोहाचा अणुभार ॲल्युमिनियमच्या जवळपास दुप्पट, म्हणून निम्मं. त्यामुळे ऑक्झलेट करताच आहात तर त्याच विद्रावात ॲल्युमिनियमही मोजून ठेवा. स्फुरदावर काम करणाऱ्यांनी स्फुरदही. विद्राव एकदा तयार झाल्यावर आणखी दोन वाचनांना फारसा वेळ लागत नाही.

एकाच मातीवर हे विद्राव एकामागून एक द्यावेत की वेगवेगळ्या भागांवर?

वेगवेगळ्या भागांवर. लागोपाठ दिले तर पहिल्याची चूक दुसऱ्यात उतरते आणि प्रत्येक धुण्यात थोडी चिकणमाती वाहून जाते. नमुना अगदीच थोडा असेल, उदाहरणार्थ बोअरच्या गाभ्यातला, तरच सौम्याकडून ताकदवानाकडे जा, आणि दर पायरीनंतर ट्यूबचं वजन करून मागे किती द्रावण अडकलं ते वजा करा.